शेवट पटला नाही

वकिलांनी पुस्तक टेबलावर पालथं टाकलं, चष्मा काढला आणि डोळ्यांचे कोपरे चिमटीत धरले.

"गिझर," ते म्हणाले. "इतकी पानं वाचली, दोन रविवार घातले, आणि शेवटी निघालं काय, तर गिझर."

कोणीतरी खुदकन हसलं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत खुर्च्या गोलाकार मांडल्या होत्या. एरवी ही खोली लहान मुलांची असावी, कारण भिंतीवर खालच्या अंगाला खडूच्या रेघोट्या होत्या आणि दोन खुर्च्या इतक्या बुटक्या होत्या की त्यांवर कोणी बसलं नव्हतं. कोपऱ्यात चहाचा थर्मास आणि बिस्किटांची बशी होती. बेबी दाराजवळच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली होती, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसावं तशी.

तिला इथे यायचंच नव्हतं. वाचकमंडळाने बोलावलं होतं ते तिच्या ताईला. ताई रहस्यकथा लिहायची. तिची पुस्तकं या वाचनालयात हातोहात जायची आणि शिवण उसवेपर्यंत वाचली जायची. पण गेल्या आठवड्यात जिना उतरताना तिचा पाय वेडावाकडा पडला, घोट्याचं हाड चिरलं आणि गुडघ्यापर्यंत प्लास्टर चढलं.

"तू जा," ताई फोनवर म्हणाली होती. "चांगलं बोलले तर मला सांग. वाईट बोलले तर ऐकून घे आणि चहा पिऊन ये. भांडू नकोस."

"मी कशाला भांडू?"

"शाळेत माझ्यासाठी भांडायचीस, म्हणून सांगितलं."

बेबीने पन्नाशी ओलांडली होती. आई गेल्यापासून तिला बेबी म्हणणारी एकटी ताईच उरली होती. बाकी सगळीकडे ती 'मॅडम' होती. पोहण्याच्या तलावावर ती काउंटरवर बसायची, लॉकरच्या किल्ल्या द्यायची, टोपी न घालता पाण्यात उतरणाऱ्यांना हाक मारून परत बोलवायची. संध्याकाळी घरी आली तरी तिच्या केसांना क्लोरीनचा वास असायचा. त्याआधी ती काय करायची, हे तलावावर कोणालाच माहीत नव्हतं, आणि तिने आपण होऊन सांगितलंही नव्हतं.

त्याआधी बेबी व्हिडिओ करायची. सकाळच्या उन्हात गच्चीवर बसून कोमट पाण्याचा पेला हातात धरायचा आणि मग बोलायचं. श्वास कसा घ्यावा, कधी जेवावं, कधी जेवू नये, झोप, पोट, पाठ, मन. आवाज मुळात गोड होता, त्यात बोलण्याची हातोटी. बघता बघता लाखांनी लोक जमले. बाजारात बायका थांबवून तिचा हात हातात घ्यायच्या. मग आई गेली, आणि एका दुपारी बेबीने सगळे व्हिडिओ काढून टाकले. कोणी विचारलं तर म्हणायची, कंटाळा आला.

ताईची नवी कादंबरी याच जगातली होती. डोंगरावरच्या एका बंगल्यात आरोग्याचे धडे देणारे काही नावाजलेले इन्फ्लुएन्सर शिबिरासाठी जमतात. कोणी श्वासाचा गुरू, कोणी उपवासाची पुजारीण, कोणी बर्फाच्या पाण्यात बसणारा. त्यांतल्या सर्वांत प्रसिद्ध बाईची म्हातारी आत्या ही बंगल्याची मालकीण. एका सकाळी आत्या अंथरुणात मेलेली सापडते. गोष्ट सांगते ती त्या प्रसिद्ध बाईची चुलतबहीण, आणि तिला त्या सकाळचं नीटसं काही आठवत नसतं.

बेबीने आत्या मरते तिथवर वाचलं होतं. पुढचं पान उलटलं नव्हतं. पुस्तक उशाशी पडून होतं. ताईने विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं.

"मला तर ती व्हिडिओवालीच वाटली होती," दातांच्या डॉक्टर असलेल्या बाई म्हणाल्या. वयाने खोलीत त्याच सगळ्यांत लहान होत्या. "सगळे धागे तिच्याकडेच जातात की नाही? आत्याच्या हृदयाच्या गोळ्या बंद कोणी करायला लावल्या? तिने. आत्या कोणाचं ऐकायची? तिचंच. मी मनात तिला अटकसुद्धा करून टाकली होती. आणि शेवटी आत्याला मारलं कोणी, तर गळक्या गॅस गिझरने."

"आणि ती गोष्ट सांगणारी!" शिवणाचा क्लास चालवणाऱ्या काकूंनी बिस्किट चहात बुडवता बुडवता हात वर केला. "तिला सगळं आठवतं. टेबलावरच्या कापडाची किनार कुठली, आठवतं. कुत्रा आधी भुंकला की दार आधी वाजलं, आठवतं. आणि नेमका तो प्रसंग आला की म्हणे डोक्यात धुकं. कसलं बाई धुकं? माझ्या लग्नात कोण कोण रुसून बसलं होतं, ते मला आजसुद्धा रांगेने आठवतं."

सगळे हसले. काकूंचं बिस्किट तेवढ्यात कपात पडलं.

"पण आठवण दगा देते, हेच लेखिकेला म्हणायचं असेल ना?" ग्रंथपालबाई म्हणाल्या. पाहुणी समोर बसल्याने त्या जरा सावरून घेत होत्या.

"देऊ दे ना दगा," वकील म्हणाले. "पण मग सगळीकडे द्यावा. सोयीच्या जागीच कसा देतो?"

बेबीने मान हलवली. कोणाच्या बाजूने हलवली ते तिलाही कळलं नाही. पर्सची चेन ती उघडत होती, लावत होती.

"नाही, लिहिलंय छानच," ग्रंथपालबाईंनी पुस्तक उघडलं. त्यात खुणेच्या बऱ्याच चिठ्ठ्या होत्या. "उदाहरणार्थ हा दाराआडचा प्रसंग बघा. मला फार आवडला. वाचते हं." त्यांनी घसा साफ केला. "'आत्या खिडकीशी बसली होती. गोळ्यांची डबी तिच्या मांडीवर होती. ती म्हणाली, घेऊ की नको, तूच सांग बाई. तशी माझी बहीण हसली. कोणाच्याही मनातली भीती निघून जावी असं तिचं हसू. म्हणाली, तू आजारी नाहीस गं. तुला आजारी असायची सवय झाली आहे.'"

पर्सची चेन मधेच अडकली.

"आणि याच्यापुढे धुकं," काकू म्हणाल्या. "बघा!"

बेबी चेनकडे बघत राहिली. अस्तराचा धागा दातांत गेला होता. हे वाक्य तिने कुठल्याही व्हिडिओत म्हटलं नव्हतं. तिला ते आजवर आठवतही नव्हतं. पण आता ग्रंथपालबाईंच्या सपाट आवाजात ऐकल्यावर मागे सगळं उजळलं. गाडी एका दुकानासमोर उभी होती. काचा बंद होत्या. तिला कुठेतरी बोलायला जायचं होतं, उशीर झाला होता, आणि ती आरशात बघून ओठांची कड बोटाने नीट करत होती. फोनवर आई होती. आई म्हणाली, घेऊ की नको. आणि ती आरशातल्या स्वतःकडे बघून हसली होती, आणि हेच म्हणाली होती.

आईला झटका आल्यावर, ती गेल्यावर, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बेबीने सांगितलं होतं, मी तिला म्हटलं होतं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बंद करू नकोस. मामांना सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, शेजारच्यांना सांगितलं. इतक्यांदा सांगितलं की ते वाक्य म्हणणारा स्वतःचा आवाज तिला स्पष्ट ऐकू यायचा. त्या आवाजाला आरसा नव्हता, गाडी नव्हती, दुपार नव्हती. हे तिच्या लक्षात कसं आलं नाही?

"मला एक कळत नाही," ग्रंथपालबाई पुस्तक मिटत म्हणाल्या. "एवढी मुरलेली लेखिका. शेवट लंगडा पडतोय हे तिला दिसलं नसेल का?"

"थकल्या असतील," काकू म्हणाल्या.

"प्रकाशकाची घाई असेल," डॉक्टरबाई म्हणाल्या.

वकिलांनी चष्मा परत चढवला. "साक्षीदार घरचा असला की असंच होतं," ते म्हणाले. "मी आयुष्यभर बघितलंय. पिंजऱ्यात उभा राहतो, घड्याळात किती वाजले होते सांगतो, पाऊस होता का सांगतो. नेमकं तेवढं विचारलं की म्हणतो, आठवत नाही साहेब. त्याच्यावर चिडताही येत नाही हो. जबानी मात्र फुकट जाते."

पाहुण्या बहिणीचं मत कोणी विचारण्याआधीच खुर्च्या सरकल्या, सगळे थर्मासकडे वळले. बेबीही उठली. डॉक्टरबाईंनी तिच्या हातात कप दिला आणि चेहरा जवळून न्याहाळला.

"तुम्ही त्या व्हिडिओवाल्या ना? गच्चीवरच्या? मी मघापासून आठवतेय, हा चेहरा कुठे बघितलाय. माझ्या सासूबाई तुमच्या मोठ्या भक्त होत्या."

"होत्या?" बेबीने विचारलं.

"म्हणजे आहेत. तुम्ही बंद केलंत म्हणून होत्या म्हटलं. अजून पहाटे उठून कोमट पाणी पितात आणि मलाही प्यायला लावतात."

"आणि त्यांच्या गोळ्या वगैरे?"

"गोळ्या तर मीच देते हातात. त्यांना एकदा वाटलं होतं बंद कराव्यात, पण मी म्हटलं, आई, आधी माझ्याशी भांडा, मग बंद करा." त्या हसल्या. "भांडणात मीच जिंकते."

बेबीने चहा संपवला. निघताना वकील दारापर्यंत आले, जरा ओशाळून म्हणाले, "आम्ही आपलं हक्काने बोललो. ताईंना लागेल असं सांगू नका हं. शेवट पटला नाही, एवढंच सांगा. पुढच्या पुस्तकाची वाट बघतोय, हेही सांगा."

ताईचं घर चालत जाण्याजोगं होतं. वाटेत सायकलच्या दुकानासमोर एक माणूस चाक उलटं धरून गरगर फिरवत होता. बेबी ते चाक थांबेपर्यंत उभी राहिली. मग तिच्या लक्षात आलं की तो माणूस तिच्याकडे बघतोय, 'काय हवंय?' अशा नजरेने. ती पुढे निघाली.

दार नुसतं लोटलेलं होतं. ताई सोफ्यावर आडवी होती, प्लास्टरचा पाय दोन उशांवर, पोटावर उघडं मासिक. खिडकीतून येणारं संध्याकाळचं ऊन तिच्या पांढऱ्या प्लास्टरवर पडलं होतं, आणि त्यावर शेजारच्या मुलीने स्केचपेनने काढलेलं मांजर चमकत होतं.

"आलीस? काय म्हणाले?"

"गिझर म्हणाले."

ताई मोठ्याने हसली. "आणखी?"

"शेवट पटला नाही म्हणाले. पुढच्या पुस्तकाची वाट बघतायत."

"मलाही नाही पटला. संपादकांनाही नाही. ते बिचारे म्हणाले, बाई, अजून थोडा वेळ घ्या. मी म्हटलं, जन्मभर घेतला तरी हाच येणार." तिने मासिक बाजूला ठेवलं. "भांडली नाहीस ना?"

"नाही."

बेबी स्वयंपाकघरात गेली. पातेल्यात पाणी घेतलं, गॅस पेटवला. ओट्याशी उभं राहिलं की ताईकडे पाठ व्हायची. त्या घराची ठेवणच तशी होती.

"आई फोन नेहमी स्पीकरवर टाकायची ना," ती म्हणाली.

बाहेर सोफा करकरला.

"कान गरम होतो म्हणायची," ताई म्हणाली.

"तू होतीस तेव्हा तिथे."

"कपाट आवरत होते तिचं."

बेबीने चहाचा डबा उघडला आणि उघडाच ठेवला. "मी तिच्यापाशी डॉक्टरांचं नाव सुद्धा काढलं नव्हतं. हो ना?"

"नव्हतं काढलंस."

"इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले. तू समोर बसलेली असायचीस. मामांपुढे, सगळ्यांपुढे. एकदा तरी म्हणायचंस."

"काय म्हणायचं?"

"की खोटं बोलतेस."

"तू खोटं कुठे बोलत होतीस?" ताईचा आवाज वर चढला नाही. "तुला तसंच आठवत होतं. तुझ्या तोंडावर दिसायचं. खोटं बोलताना तू नाक खाजवतेस, लहानपणापासून."

पाणी तळाशी कुजबुजायला लागलं. बेबीने ओट्याची कड दोन्ही हातांनी धरली. खांदे हलले, पण आवाज आला नाही. ताई उठायला गेली, पाय उशीवरून घसरला आणि ती "आई गं" म्हणून परत बसली.

"उठू नकोस," बेबी म्हणाली. तिने गॅस बारीक केला, डोळे दंडाला पुसले आणि बाहेर येऊन उशी नीट लावली. मग तिथेच, प्लास्टरच्या पायाशी, जमिनीवर बसली.

"ते वाक्य मी काढायला हवं होतं," ताई म्हणाली. "काढलंही होतं. दोन-तीनदा काढलं. पण अख्ख्या पुस्तकात तेवढंच जिवंत होतं, मग परत घातलं. तू वाचशील तेव्हा काय, याचा विचार रोज करायचे. तू काही बोलली नाहीस, तेव्हा वाटलं, वाचलं आणि सोडून दिलं."

"मी आत्या मरते तिथेच थांबले."

"असं होय."

"माझ्यापायी पुस्तक वाया घालवलंस, ताई. सगळे तिथे म्हणत होते, ती व्हिडिओवालीच. माझ्याही मनात तेच आलं. आणि तू मला सोडून सगळं गिझरवर ढकललंस."

ताईने तिच्याकडे बघितलं. मग खिडकीकडे. काही वेळ ती प्लास्टरच्या कडेला सुटलेला कापूस बोटाने आत सारत राहिली.

"तुला वाटतंय मी तुला वाचवलं?" ती म्हणाली. "पहिल्या खर्ड्यात ती सापडते. मी लिहिला होता तसा शेवट. चांगला जमला होता. पण तो परत वाचताना मला दुसरीच दिसायला लागली. दाराआडची, गोष्ट सांगणारी. तिने सगळं ऐकलंय. गोळ्यांची डबी रोज तिच्या डोळ्यांसमोर आहे, भरलेली, कालच्याइतकीच भरलेली. आणि ती बोलत नाही. पानामागून पान जातं, बोलत नाही."

"का नाही बोलत?" बेबीने विचारलं.

"आई खूश होती म्हणून," ताई म्हणाली. आत्या म्हणायचं ती विसरली होती, किंवा विसरली नव्हती. "आठवतं का तुला, ते शेवटचे महिने? गोळ्यांनी नेहमी मरगळलेली असायची. त्या सुटल्या आणि बाई सकाळी फिरायला माझ्याआधी तयार होऊन दारात उभी. मला म्हणायची, चल गं आळशे. मला वाटलं, राहू दे चार दिवस. मग सांगू. आणि खरं सांगू? माझं तिने कधी ऐकलं नव्हतं. मी सांगितलं असतं तर तिने तुलाच फोन केला असता, की ताई असं म्हणते, करू का? मला तो फोन ऐकायचा नव्हता. म्हणून उद्या म्हटलं. मग परवा म्हटलं."

बेबीने प्लास्टरवरच्या मांजराच्या शेपटीवरून बोट फिरवलं.

"रहस्यकथेला गुन्हेगार एकच लागतो," ताई म्हणाली. "दोघी निघाल्या, आणि दोघींचा तिच्यावर जीव, तर वाचकाने करायचं काय? मी बसून राहिले नुसती. मग आणला तो गिझर कुठून तरी."

"डॉक्टर म्हणाले होते, गोळ्या चालू असत्या तरी झालं असतं."

"झालं असतं कदाचित."

"कदाचित," बेबी म्हणाली.

आतून आटत आलेल्या पाण्याचा चरचर आवाज आला. ती उठून गेली, उरलेल्या पाण्याचा चहा केला, तो जेमतेम दोघींना पुरला. कप घेऊन आली तेव्हा ताईने पाय थोडा अलीकडे घेऊन सोफ्यावर जागा केली होती. दोघी बसल्या. ऊन भिंतीवर सरकलं होतं.

"कुठवर जायच्यात तुम्ही?" बेबीने विचारलं. "सकाळी."

"पुलापर्यंत. एकदा पूल ओलांडूनसुद्धा. मी धापा टाकत मागे, आणि ती पुढे. ते तू आणलेले निळे बूट घालून."

"राखाडी होते."

"निळे गं. पांढरी नाडी."

"ताई, मी दुकानात जाऊन निवडलेत. राखाडी."

"मी रोज त्यांच्या मागून चालले आहे, बेबी. माझ्या डोळ्यांपुढे तेच असायचे. निळे."

बूट कधीच कोणाला तरी देऊन टाकले होते. तिने कप खाली ठेवला.

"चालायची कशी पण?" ती म्हणाली. "मी तिला तसं चालताना कधी बघितलंच नाही. मी गाडीत असायचे, नाहीतर गच्चीवर."

"ऊठ," ताई म्हणाली. "सांगते. हनुवटी वर. अजून वर. जणू समोरच्या माणसाने वाट द्यायलाच हवी. कोपरं बाहेर. हां."

बेबी खिडकीपासून दारापर्यंत चालली. वळली. ताई उशीला टेकून नीट बघत होती.

"पाय बरोबर आहेत," ती म्हणाली. "हात पण. हात अजून जोरात हलवायची."

बेबीने हात जोरात हलवले.